दोन्ही सारखे

नालोंगो पोलिसांची खबरी आहे, असं आमच्या विद्यापीठाच्या गेटवर सगळे छातीठोकपणे सांगायचे. पुरावाही असायचा. दर वर्षी फीवाढीविरुद्ध संप होतो, दर वर्षी पोलीस अश्रुधूर सोडतात, आणि दर वर्षी पहिलं नळकांडं फुटायच्या आधी नालोंगोची सिगडी, तवा, अंड्यांचे ट्रे आणि छत्री रस्त्यापलीकडे पोचलेली असते. आतून कुणी सांगितल्याशिवाय कसं कळेल?

तर आतून कुणी सांगत नव्हतं. ती फक्त भाषणं ऐकायची. एवढी वर्षं चपात्या लाटत ऐकल्यावर तिला सगळी पाठ झाली होती.

मी एकदा थेट विचारलं, तर तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "पोपटे, नुसते आवाज काढतेस, ऐकत काहीच नाहीस. पोरगा 'लढेंगे, मरेंगे' करत असतो तोवर काही होत नाही. 'शांततेच्या मार्गानं' असं घोकायला लागला की समजायचं, दगड गोळा झाले. मग कोळशावर पाणी मारायचं आणि निघायचं."

पोपटी म्हणजे मी. कुलगुरूंचा आवाज माझ्याइतका कंपालात कुणी काढत नाही. "प्रिय विद्यार्थ्यांनो, अं... सरकारकडून येणारा निधी, अं... आला, पण आला म्हणजे, अं... पूर्ण आला असं नव्हे." माझे बाबा तिथेच ग्रंथालयात कामाला, त्यामुळे हा आवाज मी पाळण्यापासून ऐकतेय. नालोंगो पोट धरून हसायची आणि मला चपातीत गुंडाळलेलं जादा अंड्याचं रोलेक्स द्यायची.

तिचं खरं नाव तेओपिस्ता. पण आमच्यात जुळ्यांच्या आईला नालोंगो म्हटलं की नाव संपलं. जुळ्यांचा बाप, सालोंगो, ट्रक घेऊन सीमेपलीकडे जुबाला गेला तो गेलाच. राहिले वास्वा आणि नकातो. वास्वा आधी जन्मला, नकातो मागून आली, आणि त्यावरून त्यांचं अजून भांडण चालायचं. ते शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होते. त्यांना नालोंगोनं एकाच टबात अंघोळ घातली, एकाच कापडाचे कपडे शिवले. एका जुळ्याला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर दुसरं रुसून आजारी पडतं. हे आमच्यात सगळ्यांना माहीत असतं. चर्चमधले फादर याला हसतात, पण त्यांच्याही पिशवीत जुळ्यांसाठी खाऊच्या दोन गोळ्या असतात.

यंदा दोघांनाही विद्यापीठात प्रवेश मिळाला. दोघांच्या फीपुरतं नालोंगोनं साठवलं होतं, जुन्या दरानं. त्याच महिन्यात सरकारनं विद्यापीठाचं अनुदान कापलं आणि कुलगुरूंनी फी वाढवली. नव्या दरानं त्या पैशात एकाचंच भागत होतं.

म्हणून यंदाच्या संपाची नालोंगोला पहिल्यांदाच गरज होती. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष ओकुरुट भाषणाला उभा राहिला की ती लाटणं खाली ठेवायची. ओकुरुटचा आवाज म्हणजे बिघडलेला भोंगा: "कॉम्रेऽऽड्स! एक शिलिंगही जादा नाही!" संप झाला, 'शांततेच्या मार्गानं' झालं, धूरही झाला. आम्ही सगळे ओल्या रुमालात नाक खुपसून बसलो. आणि चौथ्या दिवशी ओकुरुट गेटवर चढून ओरडला, "फी गोठवली! जिंकलो!"

पोरं नाचत नालोंगोकडे आली. अंडी संपली. वास्वा आणि नकातोनं एकमेकांना मिठी मारली, जे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग कुणीतरी फळ्यावर लावलेली सूचना मोठ्यानं वाचली: चालू विद्यार्थ्यांसाठी शुल्क आहे तेवढंच राहील.

"चालू म्हणजे?" नकातोनं विचारलं.

"जे आत आहेत ते," वास्वा म्हणाला. "ते चालू. आपण बंद."

ओकुरुटचा भोंगा हळू झाला. "नालोंगो, काळजी करू नका. पुढच्या सत्रात नव्या मुलांसाठी लढू."

"लढा बाबा," नालोंगो म्हणाली. "अंडी संपलीत. नुसती चपाती देऊ का?"

संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले. वास्वा म्हणत होता नकातोला पाठव, तिला गुण जास्त आहेत. नकातो म्हणत होती वास्वाला पाठव, मी पुढच्या वर्षी जाईन.

"पुढच्या वर्षी आणखी वाढेल," नालोंगो म्हणाली. "दोघं नाहीतर कुणी नाही."

"असं कुणी करतं का?" मी म्हटलं. "एक तरी जाऊ द्या. वर्ग सुरू होईपर्यंत तुमचं मन बदलेल. लावता पैज?"

"लाव. काय?"

"दोघांतलं एक आत गेलं तर महिनाभर मला फुकट रोलेक्स. नाही गेलं तर महिनाभर तुमचं पाणी मी भरीन."

"पोपटे, तू जिंक," ती म्हणाली आणि पीठ झाकायला उठली.

मला खात्री होती. मी कुलगुरूंच्या आवाजात तिला रोज चिडवायचे, "प्रिय नालोंगो, अं... एक मूल आत आलं, पण आलं म्हणजे..." ती हसायची, पण पूर्वीसारखं पोट धरून नाही.

वर्ग सुरू झाले त्या सकाळी मी गेटवर गेले. नव्या मुलांची रांग होती. डावीकडे नवी कोरी सिगडी, तिच्यामागे वास्वा. उजवीकडे तशीच दुसरी सिगडी, तेवढीच, त्याच लोहाराची, तिच्यामागे नकातो. फीचे पैसे असे निम्मे-निम्मे झाले होते. नालोंगो दोघांच्या मधे पीठ मळत बसली होती.

ओकुरुट आला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कुठून घ्यावं ते न कळून उपाशीच आत गेला.

"जिंकलात, नालोंगो," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. "काढ ना तुझ्या म्हाताऱ्या कुलगुरूचा आवाज."

मी घसा खाकरला. "प्रिय विद्यार्थ्यांनो, अं..." आणि पुढचं काही येईना.

"राहू दे." तिनं पिवळे जेरीकॅन माझ्याकडे सरकवले, एक वास्वाच्या सिगडीचा, एक नकातोच्या. "नळाला गर्दी व्हायच्या आत जा."

मी निघाले, तशी तिनं मागून हाक मारली, "आणि दोन्ही सारखे भर गं."