आत्तींनी करडीला घरात घेतलं

आत्तींना जनावर ओढून आणलेलं खपायचं नाही. ते आपण होऊन येईपर्यंत त्या थांबायच्या. दुष्काळाच्या दिवसांत औंधहून बदली होऊन मी जतकडच्या त्या खेड्यात शिक्षिका म्हणून आले आणि त्यांच्या घरात एक खोली भाड्यानं घेतली. सारं गाव त्यांना आत्ती म्हणायचं, मीही म्हणू लागले.

त्यांची करडी नावाची म्हातारी मांजर होती. एक कान फाटलेली, उभा जन्म छपरावर आणि कुंपणात काढलेली. उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर एक कुत्रं पिसाळल्याची बातमी आली. मग गावकऱ्यांनी कुत्री मारायला शिवारात विष घातलेलं मटण टाकलं. दोन-तीन मांजरंही त्यातच गेली. आत्तींनी करडीला घरात ठेवायचं ठरवलं.

त्यांनी घाई केली नाही. करडीची वाटी आधी उंबऱ्याबाहेर, मग उंबऱ्याच्या आत सरकत गेली. ती झोपायची ते मळकं पोतं न धुता कोपऱ्यात अंथरलं. घमेल्यात राख-माती भरली. खिडकीतले डबे काढून तिला बाहेर बघायला जागा केली. दार लावलं की करडी घसा फुटेस्तोवर ओरडायची, दार ओरबाडायची. आत्ती जवळ बसून हळू आवाजात तिच्याशी काहीबाही बोलत राहायच्या. मी एकदा हसले तर म्हणाल्या, “तिचं भाईरचं समदं काढून घेतलंय आपण. बोलाय तरी नगं का तिच्यासंगं?”

शेजारचा धनगर भीमाण्णा करडीसाठी शेळीचं दूध आणून द्यायचा. मांजराला कोंडल्याबद्दल तोही आत्तींची चेष्टा करायचा. स्वतः मात्र मेंढरांपाशी उघड्यावर झोपायचा. आत झोपत जा, असं आत्तींनी त्याला कितीदा बजावलं होतं.

एका सकाळी तो दूध घेऊन आला तेव्हा त्याच्या हाताला फडकं बांधलेलं होतं. अंधारात कुत्रं चावून पळालं होतं. जखमेत त्यानं चुना भरला होता. आत्तींनी वाटी बाजूला ठेवली आणि आजच्या आज सांगलीला जाऊन सुया टोचून घे म्हणाल्या. मीही समजावलं. तो म्हणाला, “आवं आत्ती, मेंढरं कुणाच्या जिवावर टाकू?” मी राखते म्हणाल्या त्या. तरी तो गेला नाही. जखम भरली आणि आम्हीच घाबरट ठरलो. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस पाण्याला भितो, म्हणून आत्ती मात्र रोज त्याला पाणी प्यायला लावायच्या आणि तो पिताना टक लावून बघायच्या.

एके दिवशी त्यानं तांब्या तोंडाशी नेला आणि भिंतीवर फेकून दिला.

डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं. घरच्यांनी भीतीनं त्याला खोपटात ठेवून बाहेरून कडी घातली. आत्ती त्या दाराला पाठ लावून बसून राहिल्या. त्याच्या एकेका मेंढराची खबर त्याला सांगत होत्या. आतला आवाज थांबला तेव्हाच उठल्या.

पुढं मटण टाकणं बंद झालं. आत्तींनी दार उघडं टाकलं, पण करडी आता बाहेर जाईना. पोत्यावर निवांत पडून असायची. माझी पुन्हा बदली झाली. मी निघाले, तेव्हा आत्ती तिच्याकडं बघत म्हणाल्या, “मांजरानं ऐकलं माझं, बाई. माणसानं न्हाई ऐकलं.”

आणि तिची वाटी भरायला आत गेल्या.