वाढवलं म्हणजे काय

विमानप्रवासाचा मला त्रास होत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते. बहुतेक वेळा ते खरंही असतं. आज मात्र दुपारचं जेवण झाल्यावर मी विद्यापीठाच्या अतिथिगृहातल्या पलंगावर लॅपटॉप पोटावर घेऊन आडवी झाले आहे आणि डोळे माझं ऐकत नाहीत. बाहेर फिनलंडमधलं जूनचं ऊन आहे, आमच्या अमरावतीच्या मानाने अगदीच गरीब ऊन. खिडकीखाली तळं आहे. कोणीतरी होडीचं इंजिन चालू करतंय, ते घरघरतं आणि पुन्हा बंद पडतं.

संध्याकाळी माझं व्याख्यान आहे. इथल्या प्राध्यापिका इर्मेलीबाई गेल्या त्याला आता सहा महिने होत आले, त्यांच्या स्मरणार्थ हे पहिलं व्याख्यान. मी त्यांची विद्यार्थिनी. एकच यंत्र वेगवेगळ्या देशांत गेलं की त्याचं काय होतं, हा त्यांचा विषय आणि म्हणून माझाही. कंपनी सगळीकडे एकच खोकं विकते, पण फोन अमरावतीत वेगळा असतो, नैरोबीत वेगळा आणि इथे आणखीनच वेगळा. इथली माणसं फोनवर बोलता बोलता गप्प बसतात, त्याचा अर्थ ती विचार करत असतात. आमच्याकडे तेवढ्या वेळात माणूस दोनदा ‘हॅलो’ म्हणून फोन आपटून मोकळा होतो. असल्या गोष्टींवर मी उभा जन्म काढला, नाव कमावलं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

बाईंची मुलगी काइसू काल विमानतळावर घ्यायला आली होती. समारोप आईच्या शेवटच्या लेखातल्या निष्कर्षाने कर, एवढंच तिने मागितलं. मी हो म्हटलं. अडचण अशी की तो निष्कर्ष चुकीचा आहे.

लेख छोट्या दुकानांवर आहे. फोन आल्यावर कोणत्या देशात दुकानांचं काय झालं, याचा. अमरावतीच्या मुलाखती दुसऱ्याच एका गटाने घेतल्या, संगणकाने त्यांचं इंग्रजी केलं आणि बाईंनी ते वाचलं. मूळ ध्वनिमुद्रणं या व्याख्यानासाठी म्हणून माझ्याकडे आली आणि मी ती विमानात ऐकली. बांगड्या विकणारी एक बाई सांगते की लोक सगळं फोनवरच मागवतात, गिऱ्हाईक येईनासं झालं, दिवाळीनंतर दुकान वाढवलं. संगणकाने लिहिलं, दुकानाचा विस्तार केला. आता दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं, हे आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या दुकानदाराला विचारा. पण यंत्राला कोण सांगणार? असे विस्तार बाईंना एकापाठोपाठ एक सापडत गेले. गिऱ्हाईक नसताना दुकानं वाढतातच कशी, हा प्रश्न त्यांना पडला. आणि बाई इतक्या हुशार की त्यांनी त्याचं कारणही शोधून काढलं. तोच त्यांचा निष्कर्ष, फोनने अमरावतीची छोटी दुकानं भरभराटीला आली. जगभर गाजला.

चूक झाली आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती आज सांगायची का, पहिल्या रांगेत काइसू बसलेली असताना, एवढंच ठरायचं आहे. होडीचं इंजिन एकदाचं चालू होतं. आवाज लांब जातो, मग जवळ येतो, आणि लक्षात येतं की ही होडी नाही, लूना आहे.

लूनावर इर्मेलीबाई बसल्या आहेत. अंगात तोच राखाडी स्वेटर, कोपरावर रफू केलेला. त्या लूना पलंगाला टेकवून उभी करतात आणि माझ्या पायांशी येऊन बसतात. गादी खाली दबते. मला भीती वाटत नाही, उलट फार बरं वाटतं. त्यांच्या अंत्यविधीला मला येता आलं नव्हतं आणि ते तेव्हापासून सलत होतं.

“जेवली का वो?” त्या विचारतात.

जिवंत असताना बाईंना मराठीतले हे इतकेच शब्द यायचे. अमरावतीला आमच्या घरी उतरल्या होत्या तेव्हा माझ्या आईकडून शिकल्या होत्या, आणि मग जगभरच्या परिषदांमध्ये मी दिसले की सगळ्यांसमोर हेच विचारायच्या. मी सांगते, हो, जेवले, इथलं ते माशाचं सूप घेतलं, चविष्ट होतं.

“असं पुस्तकातलं काय बोलून राह्यली?” त्या म्हणतात. “मी मेली तं तू शहाणी झाली काय?”

मला हसू येतं. बाई चक्क वऱ्हाडी बोलतायत, माझ्या मामीसारखी. कुठे शिकलात म्हणून विचारते. तिकडे वेळच वेळ असतो म्हणतात, आणि भाषा शिकवणारे फुकटात भेटतात. मग त्या उठतात. मीही उठते, आणि आम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहोत, जिथे मी तरुणपणी थंडीचे कितीतरी महिने काढले. कपाटांच्या रांगा ओळखीच्या आहेत. फक्त पुस्तकांच्या जागी बुटांची खोकी लावलेली आहेत, आणि प्रत्येक खोक्यातून कुणीतरी हळू आवाजात बोलतंय. ग्रंथपाल आम्हाला गप्प बसायची खूण करते.

बाई एका खोक्याला कान लावतात. आत काय आहे ते मला माहीत आहे, विमानात ऐकलेल्या मुलाखती.

“तू आज हे बोलणार हायेस,” त्या माझ्याकडे न बघता म्हणतात.

मी सांगते की अजून ठरलेलं नाही.

“खोटं नको बोलू. तुह्यं ठरलं की तुह्यं नाक लाल होते.”

माझा हात नाकाकडे जातो. बाई आता माझ्याकडे वळून बघतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी आहे. त्या काकुळतीला आल्या आहेत. जिवंत असताना या बाईने कुणापुढे मान तुकवली नव्हती.

“शालिनी, तो माह्या शेवटचा लेख हाये. त्याले हात नको लावू. आता मले उत्तर देता येत नाई.”

उत्तर देता येत नाही, हे बाईंच्या तोंडून ऐकवत नाही. ज्या बाईने माझ्या पहिल्या प्रबंधाचं प्रत्येक पान लाल करून परत दिलं, आणि वर मला घरी नेऊन सूप पाजलं, ती माझ्याकडे दया मागते आहे. मी म्हणते, बाई, तुम्ही असत्या तर मी विमानातून उतरल्या उतरल्या तुम्हालाच फोन केला असता. तुम्ही रागावल्या असत्या, रात्रभर भांडल्या असत्या आणि सकाळी स्वतःच दुरुस्ती छापायला पाठवली असती. आता ते काम मला एकटीला करायचं आहे. मी ते दुसऱ्या कुणाला करू देणार नाही, कारण दुसरं कुणी केलं तर तुमच्यावर हसून करेल.

बाई गप्प. इतका वेळ गप्प की माझ्या तोंडून निघून जातं, “हॅलो?”

“इचार करून राह्यली ना वो,” त्या खेकसतात. “तुमाले दम म्हणून नाई.”

आणि मग आपल्या बाजूने त्या पूर्ण ताकदीने वाद घालायला लागतात. ही खरी बाई, मला ओळखीची. म्हणतात, दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं, ही कसली भाषा. वाढणं म्हणजे वाढणं. एवढ्या माणसांनी एकच शब्द वापरला, तो मी जसाच्या तसा घेतला. माणसं जे बोलतात त्यावर विश्वास ठेवायचा, हे मीच तुला शिकवलं ना? मी म्हणते, हो, तुम्हीच शिकवलं, म्हणूनच मी ऐकलं, तुम्ही वाचलं.

हे जरा लागतं त्यांना. लागू दे, मी मनात म्हणते. आमच्यात कधीच काही झाकून ठेवलेलं नव्हतं.

कपाटांची रांग पुढे अरुंद होत जाते आणि पायाखालची फरशी खडबडीत होते. वर ताडपत्री आहे. डाव्या हाताला बांगड्यांचं दुकान, आणि गादीवर बसलेली बाई मी ऐकलेल्या आवाजाची आहे. तिला मी पूर्वी कधी पाहिलेलं नाही, पण आवाज ओळखते. दुकानात गिऱ्हाईक नाही. ती इर्मेलीबाईंचा पंजा आपल्या हातात घेऊन दाबून बघते, अंगठ्याचं हाड चाचपते आणि मान हलवते. एवढ्या मोठ्या मापाचं तिच्याकडे काही नाही.

“मले राहू दे,” बाई तिला सांगतात. “हिले भर.”

ती माझ्या हातात हिरवी काच चढवते. तिचे हात ऊबदार आणि सवयीचे आहेत. बाई वाकून सगळं टिपून घेतायत, प्रत्येक हालचाल, जणू परत जाऊन लिहायचं आहे. मग दुकानवाली उठते. खोकी आत सरकवते, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावते, आणि लोखंडी शटर ओढायला लागते.

“आता काय करून राह्यली ते?” बाई मला विचारतात. हळू आवाजात. माहीत असल्यासारख्या.

“तुमीच इचारा तिले,” मी म्हणते.

बाई विचारतात. तीही सरळ सांगते.

“वाढवून राह्यली माय. उद्यापासून नाई उघडत.”

शटर खाली येतं. तो आवाज मोठा आहे आणि बराच वेळ बाजारात फिरत राहतो. आता फक्त आम्ही दोघी आणि ते बंद शटर. बाई त्यावर हाताचा पंजा ठेवून उभ्या आहेत. मला वाटतं आता त्या रडतील, आणि त्या रडल्या तर मीही रडेन. मग व्याख्यान खड्ड्यात गेलं तरी चालेल.

पण बाई रडत नाहीत. त्या विचारतात, बंद म्हणायला काय होतं तुम्हाला. मी सांगते, जीभ रेटत नाही. ज्याच्यावर पोट भरलं त्याला बंद कसं म्हणायचं? नारळही आम्ही फोडत नाही, वाढवतो. सुवासिनीच्या हातातली बांगडी गेली तरी ती तुटली म्हणायचं नाही.

“म्हणजे ते रडून राह्यली होती,” बाई म्हणतात. “आन् मी लिहिलं, भरभराट.”

“हो बाई.”

“सगळ्याच?”

“बहुतेक.”

बाई स्वेटरच्या बाहीने नाक पुसतात. प्राध्यापिका असताना असं कधी केलं नसतं त्यांनी. मग माझ्याकडे बघून हसायला लागतात. आधी नाकातून, मग पोटातून, त्यांचं ते दुर्मिळ हसू, ज्यासाठी मी एकेकाळी वाटेल ते करायला तयार असायचे. हसता हसता म्हणतात की शब्द मात्र अस्सल आहे, एकाच शब्दात दोन्ही, जगात कुठे सापडला नाही असा. आपल्या पुढच्या कामाची सुरुवात इथूनच करायची. आपल्या, म्हणतात त्या. मला त्या एका शब्दाने भरून येतं आणि मी ते लपवत नाही.

मग त्या माझं मनगट धरतात. घट्ट.

“तं मंग माह्यंही वाढव,” त्या म्हणतात. “समजली? वाढव म्हणतो मी.”

मला समजतं. दोन्ही अर्थांनी समजतं. त्यांची पकड आणखी आवळते, कळ येते, मी हात सोडवून घ्यायला जाते आणि लॅपटॉप धाडकन जमिनीवर पडतो.

ऊन भिंतीवर सरकलं आहे. तळ्यावर काही आवाज नाही. दारावर कोणीतरी टकटक करतंय. मी उठून बसते. उजव्या मनगटावर बारीक रक्ताची रेघ आहे आणि चादरीवर हिरव्या काचेचा तुकडा. झोपेत कशावर तरी हात दाबला गेला असणार, हे मला कळतं. पण निघताना हातात दोनच बांगड्या घातल्या होत्या, दोन्ही लाल, आणि त्या दोन्ही अजून हातात आहेत.

दारात काइसू उभी आहे. मला सभागृहात न्यायला आली आहे. तिची नजर माझ्या मनगटाकडे जाते, मग चादरीकडे. तुटली का, ती इंग्रजीत विचारते.

“नाही,” मी इंग्रजीतच म्हणते. “आमच्याकडे तुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.”

ती तो तुकडा उचलून उजेडात धरते. वाढली म्हणजे मोठी झाली ना, असं विचारते. मी तिला पलंगावर बसवते, बाई बसल्या होत्या तिथेच, आणि सगळं सांगते. शब्द, दुकानं, आईचा निष्कर्ष. काहीही राखून ठेवत नाही. ती ऐकते. तिचा चेहरा उतरतो, आणि तो उतरतो हे मला पाहावं लागतं. शेवटी मी म्हणते की मी हे आज बोलणार आहे, पण तुला आधी सांगितल्याशिवाय बोलणार नव्हते.

काइसू काचेची कड बोटाने चाचपते.

“मग शेवटी नको,” ती म्हणते. “सुरुवातीलाच सांग. आईला चुकीचं ऐकत बसायला आवडायचं नाही.”

आणि ती काच रुमालात गुंडाळून आपल्या पर्समध्ये ठेवते.