फुटक्या पाळीत बसलेला मिस्त्री

खड्ड्याची पाळ फुटली आणि तेलकट गाळपाणी थेट झऱ्याकडे निघालं. भर उन्हाळा होता. त्या रानात चितळांना प्यायला तेवढंच पाणी उरलं होतं. जाडजूड मिस्त्री पांढऱ्या पँटीसकट त्या खिंडारात फतकल मारून बसला. पाणी थांबलं.

अकोटच्या पुढे डोंगरात कोळसा लागतो का ते पाहायला यंत्रानं जमिनीत भोक पाडत होते. भोकातून येणारा गाळ त्या खड्ड्यात साठायचा. आम्ही बाया मातीकामाला होतो. मिस्त्रीचं नाव मला आजही माहीत नाही. रोज सकाळी तो झऱ्यावर जाऊन खुरांचे ठसे पाहायचा, मगच यंत्र सुरू करायचा.

"मिस्त्री, अंडे उबवून राह्यले का?" मी विचारलं.

"हो, चितळाचे! दात काय दाखवून राह्यली बाई, माती टाक!"

आम्ही हसत हसत टोपल्या ओतल्या. अर्धी माती त्याच्याच पाठीवर पडली. त्याला ओढून काढायला चौघी लागल्या. फार शहाणा होता असं मी म्हणणार नाही. फावडं हाताशीच होतं.

झरा मात्र स्वच्छ राहिला. त्या उन्हाळ्यात तिथलं एकही चितळ मेलं नाही.