ताईंना गाडी लागते

आमच्या ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, बसस्थानकात निवेदिका आहेत. 'कृपया इकडे लक्ष द्या, गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे,' हे दिवसभर सांगायचं. काचेची बंद खोली, एक हात माइकच्या बटणावर, शेजारी गार झालेला चहा. आवाज असा खणखणीत की बाकावर झोपलेला माणूस सामानासकट उठून उभा राहतो. पण ताई स्वतः गाडीत बसत नाहीत. गाडी फलाटाला लागली की लोक चढतात, ताईंना मात्र ती चढायच्या आधीच लागते. नुसत्या डिझेलच्या वासानं पोटात ढवळतं. कामावर त्या चालत जातात, चालत येतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. स्थानकात याचा कुणाला पत्ता नाही. "घर सोडून कुठे जाऊ?" म्हणून त्यांनी इतकी वर्षं वेळ मारून नेली. माझं लग्न माहेरच्या गावी झालं, त्यालाही त्या आल्या नव्हत्या. तो राग माझ्या मनात बरेच दिवस होता, खोटं कशाला बोलू?

माझ्या मुलीनं आत्याचा नेमका हाच गुण उचलला. मागच्या सहलीत ती बाईंच्या पर्सवरच ओकली, तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'फवारा' पडलंय. यंदा सहलीला नाव द्यायचं नाही, यावर ती ठाम होती. त्यातच शाळेनं प्रकल्प दिला: 'प्रवास'. स्वतःच्या कल्पनेनं काहीतरी करा, छापील चित्रं चिकटवलेली चालणार नाहीत. मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. तिच्या बाबांना विचारावं, तर आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ती आत्याकडे गेली.

दोघींनी बुटांच्या खोक्याचं बसस्थानक केलं. पुठ्ठ्याचे फलाट, काडेपेट्यांच्या गाड्या. घोषणा ताईंच्या आवाजात माझ्या फोनवर रेकॉर्ड झाल्या. गावं मुलीनं शोधायची, बाकीचं ताईंनी. "आळसपूरला जाणारी जलद गाडी आज सुटणार नाही, चालक उठलेले नाहीत." "गणितवाडीच्या प्रवाशांनी आपापली बोटं सांभाळावीत." भाजी चिरता चिरता मला हसू आवरेना. शेवटची घोषणा मुलगी स्वतः बोलली.

"मी मोठी झाल्यावर आत्यासारखी निवेदिका होणार. मग मला कुठेच जावं लागणार नाही."

मी हसले. ताई हसल्या नाहीत.

"हे पुसून टाक," त्या म्हणाल्या.

"का? तुला कुठे जावं लागतं?"

"जावं लागत नाही, बरोबर. पण मला जायचं नव्हतं, असं कुणी सांगितलं तुला?" स्थानक दणाणून सोडणारा तो आवाज ओट्यापर्यंतही धड पोचत नव्हता. "मला सगळीकडे जायचं होतं गं."

रविवारी त्या आम्हा दोघींना घेऊन फलाटावर रांगेत उभ्या राहिल्या. चालकानं विचारलं, "ताई, तुम्ही? कुणाला सोडायला आलात?"

"जायला," ताई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

गाव संपायच्या आत पिशवी काढावी लागली. चालकानं आरशात सगळं पाहिलं. इतक्या वर्षांची झाकली मूठ उघडली. मी मुलीसाठी दुसरी पिशवी घेऊन तयारच होते, पण तिला सवड कुठे होती? एका हातानं आत्याची पिशवी धरलेली, दुसऱ्यानं पाठ चोळणं चाललेलं. "आत्या, खाली बघू नकोस. लांब बघ, लांब." आत्याचं निस्तरता निस्तरता ती स्वतः ओकायचं विसरूनच गेली.

पहिल्या थांब्यावर आम्ही उतरलो. ताई बाकावर बसल्या, चेहरा पांढराफटक. मला त्यांची दया येत होती आणि या हट्टाचा रागही. मुलगी गाडीच्या दारापाशी उभी राहून पाटीवरची गावं मोठ्यानं वाचत होती.

"आत्या, ही अजून खूप पुढे जाते."

"पुरे झालं," मी म्हणाले. "आता घरी."

"बरं," ती म्हणाली. हट्ट नाही, कुरकुर नाही. एवढ्याशा पोरीचा तो समजूतदारपणा मला बघवेना.

चालकानं गाडी सुरू केली. ताईंनी तोंड पुसलं आणि त्या बाकाचा आधार घेत उठून उभ्या राहिल्या.

"अगं," त्या मला म्हणाल्या, "पिशव्या आहेत का आणखी?"