जपानमधला उन्हाळा

जगदीश सबनीस हा खोटं बोलणाऱ्यांतला माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तसा असता तर निदान धड खोटं बोलला असता. सवय नसलेल्या माणसानं थाप मारायला जाऊच नये; ती अशी काही बाहेर पडते की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

सांगलीहून तो ऑकलंडला आला तो शिकायला म्हणून. पेट्रोल पंपावर उभा राहिला, परीक्षांवर परीक्षा दिल्या आणि होता होता माउंट वेलिंग्टनच्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून चिकटला. अल्बनीला घर झालं. घरात बायको सुनीती, मुलगी सानिका आणि मागच्या अंगणात कधीच न फळणारं एक लिंबाचं झाड. दुकानात मात्र त्याच्यासारखा गोड माणूस नाही. गुडघेदुखीच्या सामोअन आज्या, काठी टेकत येणारे माओरी आजोबा 'किया ओरा' म्हणत काउंटरवर रेलायचे आणि हा बाबा कुठली गोळी जेवणाआधी, कुठली जेवणानंतर हे न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगायचा. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांशी गोड बोलायला काय लागतं म्हणा! ते आठवड्यातून एकदा येतात आणि पिशवी घेऊन जातात.

त्याचे स्वतःचे आप्पा सांगलीत. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरली बहीण दमयंती हाकेच्या अंतरावर राहायची, ती दोन वेळचं बघायची. आप्पा शाळेत भूगोलाचे मास्तर होते. मुलगा पृथ्वीच्या खालच्या टोकाला गेल्याचं दुःख त्यांनी भूगोलावरच भागवलं. टेबलावर जुना पृथ्वीगोल ठेवून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "आपल्याकडे थंडी ना? जगूकडे आत्ता कडक उन्हाळा. सूर्य तिकडे आहे." पोस्टमनलासुद्धा न्यूझीलंडचे ऋतू तोंडपाठ झाले होते.

दर रविवारी ऑकलंडच्या संध्याकाळी जगदीश त्यांना व्हिडिओ कॉल करायचा. बोलणं ठरलेलं: तब्येत, पाऊसपाणी, सानूचा अभ्यास. आणि फोन ठेवताना आप्पांचा ठरलेला प्रश्न, "मग, कधी येताय?"

या प्रश्नानं जगदीशच्या कपाळाला आठी पडायची. गेल्या वर्षी येऊन गेलो तरी तेच, तिकिटं काढली तरी तेच. "अहो आप्पा, येतोय ना! किती वेळा विचाराल?" असं तो खेकसायचासुद्धा. आप्पा हसायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे.

तर झालं असं, की आप्पांनी ऐंशी ओलांडली आणि सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. हजार पौर्णिमांचे चंद्र पाहिलेल्या माणसाला लेकासुनांनी, नातवंडांनी ओवाळायचं, शांत करायची, चार माणसं जेवू घालायची. दमयंतीनं जानेवारीतला दिवस धरला, कारण जगूला तेव्हाच मोठी सुट्टी. गुरुजी ठरले, आचारी ठरला.

आणि इकडे सुनीतीनं हात टेकले. "जगदीश, इंडियाला जाणं ही सुट्टी नाही, ड्युटी आहे. चॉकलेटं वाटत गावभर हिंडायचं, सानूचं पोट बिघडायचं आणि परत आल्यावर दमलेल्यासारखं कामावर जायचं. एकदा, फक्त एकदा, आपण तिघं कुठेतरी जाऊया."

तिचं काय चुकलं? काहीच नाही. सानिकाच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी बर्फ पाहिलेला, हिनं फ्रीजमधला. तेवढ्यात जपानची स्वस्त तिकिटं निघाली. जगदीशनं आडवंतिडवं गणित करून देशातल्याच क्वीन्सटाउनला जाण्यापेक्षा जपानच कसं परवडतं हे सिद्ध केलं आणि तारखा बघितल्या तर नेमक्या त्याच.

"सरळ सांग आप्पांना," सुनीती म्हणाली. "म्हणावं, आम्ही एप्रिलच्या सुट्टीत येतो, तेव्हा करू. रागावतील आणि मग समजून घेतील."

"तुला नाही कळत. त्यांना वाईट वाटेल."

वाईट त्यांना वाटलं असतं हे खरं. पण ते बघायला लागलं असतं ते ह्याला, ही खरी अडचण. म्हणून पठ्ठ्यानं काय करावं? रविवारी फोनवर तोंड पाडून म्हणाला, "आप्पा, सुट्टीच मिळत नाहीये हो. दुसरी फार्मासिस्ट बाळंतपणाच्या रजेवर. दुकानात माणूसच नाही."

आप्पा जरा वेळ पृथ्वीगोल फिरवत बसले. मग म्हणाले, "अरे, औषधाचं दुकान ते. टाकून कसा येशील? लोकांचा जीव असतो त्यात. पुढे ढकलू की. चंद्र काय पळून जातोय?" आणि शेवटी, "मग, कधी येताय?"

त्या दिवशी जगदीश खेकसला नाही.

सानिकाला मात्र काहीतरी सांगणं भाग होतं. पोर मराठी सगळं समजते, बोलते इंग्रजीत, आणि पोटात काही राहत नाही. "आजोबांना जपानचं सांगायचं नाही हं. सरप्राइज आहे," त्यानं बजावलं. सानिकानं मान डोलावली, "स्वीट ॲज, बाबा." विषय संपला असं त्याला वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची!

जपान चांगलंच होतं, जपानला नावं ठेवायचं कारण नाही. उत्तरेकडच्या एका गावात स्वस्तातली खोली मिळाली. एवढीशी, की एक बॅग उघडली की दुसरी पलंगावर न्यावी लागायची. छोटा राइस कुकर अल्बनीहून बरोबर नेलेला. सकाळ-संध्याकाळ त्यात भात, वर मेतकूट आणि तूप. सुनीती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एवढ्या लांब येऊन मी कुकरच लावतेय." लोक डोंगरावर स्की करत होते, ते ह्यांनी खालून फुकट पाहिलं. पण हॉटेलच्या मागे एक उतार होता. तिथे सानिका प्लास्टिकच्या पत्र्यावर बसून घसरायची आणि किंचाळायची, आणि सुनीती कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

पहिला बर्फ पडला तेव्हा जगदीश खिडकीशी उभा होता. त्याच्या मनात पहिलं काय आलं असेल? आप्पा! जन्मभर मुलांना हिमवर्षाव शिकवला आणि स्वतः कधी पाहिला नाही. त्यानं मोबाइल काढून झकास फोटो घेतला, सवयीनं आप्पांचं नाव काढलं, आणि तसाच बोट वर धरून राहिला. फोटो पाठवायची सोयच त्यानं ठेवली नव्हती. जीव चडफडला नुसता.

मग आला रविवार. ऑकलंडच्या संध्याकाळची वेळ म्हणजे जपानची दुपार. फोन केला नसता तर आप्पांनी काळजीनं दमयंतीला पिटाळलं असतं. आणि जानेवारी म्हणजे ऑकलंडला ऐन उन्हाळा. हे आप्पांना कुणी शिकवायला नको. जगदीशनं सुनीती-सानिकाला उतारावर पाठवलं. पडदे ओढले. स्वेटर, थर्मल, मोजे काढून पलंगाखाली सारले आणि अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट, हाफ पँट, जँडल्स म्हणजे तिकडच्या रबरी चपला, असा नटून पांढऱ्या भिंतीसमोर बसला. पाय कॅमेऱ्यात दिसणार नव्हते, तरी जँडल्स घातल्या. चोराच्या मनात चांदणं! गारठू नये म्हणून हीटर पूर्ण वाढवला, आणि फोन लागेस्तोवर खरंच घामाघूम झाला.

"केवढा घाम रे!" आप्पा म्हणाले. "बरं आहे ना?"

"उकडतंय आप्पा. यंदा उन्हाळा फार."

"असणारच. सूर्य आता तुमच्या डोक्यावर." आप्पा खूश झाले. मग जरा पुढे वाकले. "जगू, काल तुझे काका आले होते. म्हणाले, मुलाशिवाय उरकून घ्या. मी म्हटलं, छे! तो तिकडे लोकांची सेवा करतोय. त्याच्याशिवाय ओवाळून घेण्यात काय राम आहे? थांबू आपण. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

आत्ता सांगावं, असं जगदीशला मनापासून वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. "आप्पा, एक सांगायचं होतं…"

धाडकन दार उघडलं. लोकरी टोपी, जाडं जॅकेट, लालबुंद नाक आणि ओंजळीत बर्फाचा गोळा घेऊन सानिका आत शिरली ती थेट कॅमेऱ्यासमोर. "आजोबा, सरप्राइज! लुक, रिअल स्नो! वी आर इन जपान!"

तिनं गोळा मोबाइलच्या अगदी जवळ धरला. आजोबांना बर्फ आवडतो, हे तिला ठाऊक होतं. मागून धापा टाकत सुनीती आली आणि दारातच थबकली.

सांगलीत आप्पा बघत होते. बर्फाकडे बघत होते, नातीच्या टोपीकडे, आणि मग टीशर्टातल्या लेकाकडे. भूगोलाच्या मास्तरांना काय समजावून सांगायचं!

"अरे वा," ते म्हणाले. "हा बर्फ होय. छान पांढरा आहे. सानूबाळ, हात गारठतील, खाली ठेव आता." मग आवाज तसाच ठेवून म्हणाले, "जगू, तूही स्वेटर घाल. घामावर थंडी वाईट."

फोन ठेवला गेला. "मग, कधी येताय?" आलंच नाही.

गोळा तसाच हातात धरून सानिका विचारत होती, "बाबा, वॉज इट नॉट अ गुड सरप्राइज?" सुनीतीनं पलंगाखालून स्वेटर काढून त्याच्या अंगावर टाकला आणि हीटर बंद केला.

शिव्या खायची तयारी ठेवून जगदीश ऑकलंडला परतला. कुणी देईना. शेवटी त्यानंच दमयंतीला फोन केला. "ताई, आप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार?" दमयंतीचा आवाज कोरडा होता. "अजून सगळ्यांना तेच सांगतात. जगूला सुट्टी नाही मिळाली. परवा काकांनी सानूचा बर्फातला फोटो पाहिला कुठेतरी, तर आप्पा म्हणाले, जुना आहे. आयुष्यात कधी खोटं बोलला नाही तो माणूस, जगू. आता तुझ्यासाठी थापा मारतोय, आणि त्याला धड जमतही नाही."

यापेक्षा चार मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जगदीशनं आप्पांची माफी मागितली, मागून पाहिली. "अरे, त्यात काय! फिरावं माणसानं," एवढंच आप्पा म्हणाले. रविवारचे फोन चालूच राहिले. तब्येत, पाऊसपाणी, सानूचा अभ्यास. आणि शेवटी, "बराय, तुझा वेळ घेत नाही." ज्या प्रश्नानं इतकी वर्षं कपाळाला आठी पडायची, त्याच्यासाठी हा आता कान टवकारून बसायचा. फोन मुद्दाम लांबवायचा. आप्पा विचारायचे नाहीत.

मार्चमध्ये त्यानं एप्रिलच्या सुट्टीची तिकिटं काढली. दुकानात रजा टाकली, खरीखुरी. सुनीती स्वतः म्हणाली, "जाऊया. माझ्याकडून सोन्याच्या वर्खाची मिठाई वाटू गावभर." रविवारी तो फोनसमोर बसला तेव्हा त्याचं तोंड लहान पोरासारखं फुललं होतं. आज आपणच सांगायचं, कधी येतोय ते.

आप्पा नेहमीच्या टेबलाशी नव्हते. पृथ्वीगोल दिसत नव्हता. आतल्या खोलीत, मोकळ्या भिंतीसमोर, जुनी बंडी घालून बसले होते. मागून ताटवाट्यांचा आवाज येत होता, बायका बोलत होत्या.

"आप्पा, कोण आलंय?"

"कुणी नाही. टीव्ही लावलाय दमयंतीनं."

बोलताना ते खाली बघत होते. कपाळ पुसल्यासारखं लाल दिसत होतं. आणि पांढऱ्या विरळ केसांत, कानाच्या वर, कुंकवात भिजलेले दोन-तीन तांदळाचे दाणे अडकले होते.

"आप्पा," जगदीश पुढे वाकला, "केसांत अक्षता आहेत तुमच्या."

आप्पांचा हात डोक्याकडे गेला. एक दाणा बोटाला लागला, तो त्यांनी नीट पाहिला. चोरी पकडल्यासारखे ओशाळले बिचारे. "राहिल्या होय? झटकल्या होत्या मी. झालं आज सकाळी. काका मागेच लागले होते, म्हटलं करून टाकू."

"मला सांगितलं नाहीत?"

त्यात टोमणा असता तर जगदीशनं तो हक्कानं झेलला असता. पण आप्पा समजुतीनं, मायेनं बोलत होते. "सांगितलं असतं तर तुला पुन्हा काहीतरी कारण शोधायला लागलं असतं, जगू. म्हटलं, कशाला पोराला त्रास. बराय, पानं वाढलीत. ठेवतो."

स्वयंपाकघरातून सुनीतीनं उत्साहानं विचारलं, "सांगितलंस? काय म्हणाले?"

जगदीशनं काळा पडलेला मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाला, "तिकिटं परत होतील का गं?"

"आता? स्वस्तातली घेतलीस ना तू," ती म्हणाली. "ती परत होत नाहीत."