लाभ म्हणजे एक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही मोजलं ते ज्वारी. निमगाव केतकीच्या घरी मी माप भरून ओतायचो, बायको पोत्याचं तोंड धरून मोजायची. पहिल्या मापाला ती एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची. लाभ, दोन, तीन. आमच्याकडं धान्य असंच मोजतात. चार दिवसांनी ती गेली. तेरावा उरकून मी बारामतीला कामावर हजर झालो.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडंट. शिक्षण सातवी. रिटायर झालो तरी ठेवून घेतलंय. मोल हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला किंमत वाटली होती. तसं नाही. ती डझनासारखी मोजणी आहे. डझन म्हणजे बारा, मोल म्हणजे कणांचा एक ठरलेला भलामोठा आकडा. कण दिसत नाहीत, म्हणून वजनानं नाहीतर मापानं मोजायचे.

त्या दिवशी बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी ॲसिड डायल्यूट करायचं होतं. नऊ लिटर पाणी, मग त्यात एक लिटर ॲसिड. पाणी आधी, ॲसिड नंतर. हे उलटं करायचं नाही. पुण्याहून नवीन आलेल्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी लिटरच्या मापानं कॅनमध्ये पाणी ओतत मोठ्यानं मोजत होतो. नऊला थांबलो.

"मामा, आठच झाली. अजून एक."

मी म्हणालो, नऊ झाली. त्या म्हणाल्या, मी बोटांवर मोजलंय. त्या दिवसांत मी गॅसवर दूध ठेवून विसरायचो. म्हटलं, माझंच ध्यान नसंल. अजून एक ओतलं.

दुपारी पोरांनी तेच ॲसिड वापरलं. किती मिली लागलं, त्याची रीडिंगं आली. दहा यायला पाहिजेत तिथं अकरा. प्रिन्सिपल सर आले. परीक्षा दोन दिवसांवर होती.

"मामा, तुम्ही आता घरी आराम करा. हे ॲसिडचं काम आहे."

घरी कोणीच नव्हतं. तिथं दिवसभर काय करायचं, ते सरांना कुठून ठाऊक असणार.

मी म्हणालो, "पोरं चुकली असती तर कुणाचं नऊ आलं असतं, कुणाचं बारा. समद्यांचं सारखंच चुकलंय, म्हंजी चूक कॅनमधी हाय. एक माप पाणी जास्त झालंय. मोल तेवढंच, पण पाण्यात जास्त पसरलं. म्हणून तेवढ्याच कामाला ॲसिड जास्त लागतंय."

मॅडम म्हणाल्या, परत मोजून दाखवा. मी रिकामं माप उचललं.

"लाभ, दोन, तीन..."

"थांबा. लाभ म्हणजे?"

"एक."

"मला वाटलं, सुरुवातीला देवाचं नाव घेताय. ते माप मी धरलंच नाही."

सर इंदापूरचे. आधी तेच हसले. म्हणाले, "मॅडम, आमची आईपण लाभच म्हणते." मग माझ्याकडं वळले. "उद्या वेळेवर या. पण लॅबमध्ये एक म्हणायचं."

"व्हय," म्हटलं. नवीन कॅन भरला, एकपासून मोजून. रीडिंग दहा आलं.

मोजणाऱ्याचा आकडा बरोबर असून भागत नाही, ऐकणाऱ्यालाही तो कळावा लागतो. आणि बरोबर मोजलं असेल तर कुणी सांगितलं म्हणून वाढवू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी दळणाला ज्वारी काढली. पिशवीचं तोंड गुडघ्यांत धरलं. माप ओतलं आणि लाभ म्हटलं. एकट्याला तेवढं पुरतं. दोन म्हणायची वेळ आली नाही.