शून्य ठेवायचं राहिलं

माझ्याआधी झालेला भाऊ पाचव्या वर्षी तापानं गेला. वर्षभरात मी झालो आणि तोच परत आला असं घरानं ठरवून टाकलं. नावही त्याचंच ठेवलं. आई अधूनमधून माझा डावा हात धरून मनगटाजवळ काहीतरी शोधायची. "समईवर भाजलं होतं ना तुला? डाग कुठे गेला?" मला कधीच भाजलं नव्हतं. तरी ती जागा कधीकधी चुरचुरायची आणि मला मनापासून भीती वाटायची.

एकोणीसशे साठ साल उलटल्यावर मी बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या घरून सायकलनं एका संस्थेत शिकायला जाऊ लागलो. तिथे संगणक आला होता आणि आम्हा मूठभर पोरांना त्याची भाषा, फोरट्रान, शिकवत होते. कार्डांना भोकं पाडायची, गठ्ठा खिडकीत द्यायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. माझा पहिला प्रोग्राम नुसती पाच आकड्यांची बेरीज करणारा होता, शेंबड्या पोरालाही जमेल अशी. उत्तर भलतंच आलं. कार्डं तपासून पुन्हा दिली, तर आणखीच भलतं.

आमचे सर धारवाडकडचे, माझ्याशी मराठीत बोलायचे. त्यांनी कार्डं चाळली.

"यंत्रात बेरीज साठते त्या जागेला नाव दिलंस. आधी तिथं शून्य कुठं ठेवलंस?"

"पण सर, नाव नवीनच दिलंय."

"नाव दिलं म्हणून जागा रिकामी होत नाही. तुझ्याआधी ज्याचं काम चाललं होतं, त्याचा आकडा तिथंच बसलेला असतो. तू त्याच्यावरच बेरीज केलीस."

"कुणाचा आकडा?"

"ते आता कोण सांगणार?"

वर्ग हसला. नकळत मी डावं मनगट चोळत होतो.

मी तो नाही, हे आईला आज स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून घरी आलो. ती परसात विळीवर फणस चिरत बसली होती. फणसाच्या वासानंच मला मळमळायचं आणि दर मोसमात ती गऱ्यांची बशी माझ्यापुढे ठेवायची. वीस वर्षांत तिला एवढंही कळू नये, याचा मला संताप यायचा.

"स्वल्प खा रे," ती म्हणाली. 'थोडं'साठी तिच्या तोंडी हा कानडी शब्दच बसला होता.

"आई, मला फणस आवडत नाही. कधीच आवडला नाही."

"ठाऊक आहे," चीक लागू नये म्हणून हाताला लावलेलं तेल पुसत ती शांतपणे म्हणाली. "तुला नाही आवडत. त्याला आवडायचा."

"मग मला कशाला देतेस?"

तिनं वर पाहिलं. माझ्याकडेच पाहत होती, पण नजर जरा मागे, माझ्या खांद्यापलीकडे होती.

"त्याला आणखी कुठून भरवू, सांग."

मी एक गरा उचलून तोंडात टाकला आणि पोट ढवळायची वाट पाहत बसलो. ढवळलं नाही. गरा गोड लागला, आणि मी दुसऱ्यासाठी हात पुढे केला.